दाराजवळची जागा

आफ्रिकेतल्या काही खेड्यांमध्ये आणि वस्त्यांमध्ये लोकांना एक प्रश्न विचारला गेला होता. तुमच्या भागात शांतता आहे की नाही, हे तुम्ही स्वतः कशावरून ओळखता? आलेल्या उत्तरांपैकी एक वाचलं आणि मी बराच वेळ नुसती बसून राहिले. उत्तर होतं: रात्री लघवीला घराबाहेर जाता येतं.

ज्यांच्या घरी संडास-मोरी अंगणाच्या पलीकडे होती, त्यांना हे उत्तर उलगडून सांगावं लागत नाही. कडी काढायची, पायरी उतरायची, अंधारात वीस पावलं चालायचं आणि परत येऊन आडवं व्हायचं. देशात काय चाललंय, बंदूक कुणाच्या हातात आहे, रस्त्यावरून कोण हिंडतंय, याचा सगळा निकाल त्या वीस पावलांत लागतो. जिथं तेवढं चालता येत नाही, तिथं घराघरांत रात्री कोपऱ्यात एक बादली ठेवलेली असते.

हा प्रश्न विचारण्याची कल्पना पमिना फिरचो आणि रॉजर मॅकगिंटी या अभ्यासकांची. दक्षिण आफ्रिका, दक्षिण सुदान, युगांडा आणि झिंबाब्वे या चार देशांत त्यांचं काम सुरू झालं. लोकांना गटागटानं बसवायचं, त्यांनाच खुणा सांगायला लावायच्या आणि त्यातल्या महत्त्वाच्या कोणत्या, हेही गावालाच ठरवू द्यायचं. मला नवल वाटतं ते प्रश्नाच्या घडणीचं. ‘शांतता म्हणजे काय’ असं विचारलं की माणूस सावरून बसतो आणि शाळेत शिकवलेलं काहीतरी सांगतो. ‘तुम्ही कशावरून ओळखता’ असं विचारलं की तो आपल्या अंगणाकडे बघतो.

जगाची शांतता मोजण्याची दुसरीही एक रीत आहे. २००७पासून दरवर्षी एक जागतिक शांतता निर्देशांक निघतो. १६३ देश, २३ निकष. लष्करावरचा खर्च, खुनांचं प्रमाण, तुरुंगातल्या कैद्यांची संख्या, शस्त्रांची आयात असं बरंच काही त्यात मोजतात, आणि २००८पासून आइसलँड पहिल्या क्रमांकावर आहे. मी ती यादी आवडीनं बघते. देशादेशांची तुलना तिच्याशिवाय कशी करणार? पण त्या २३ निकषांमध्ये बादली नाही. कुत्रीही नाहीत.

कुत्र्यांचं असं, की रात्री कुत्री भुंकतात का, हीसुद्धा लोकांनी सांगितलेली एक खूण होती. आपल्याकडेही गावाच्या कडेला राहणाऱ्याला ही भाषा कळते. कुत्रं एकदा भुंकून गप्प झालं तर ओळखीचं माणूस किंवा मांजर. एकाचं ऐकून दुसरं, दुसऱ्याचं ऐकून तिसरं, आणि तो आवाज वेशीकडून आपल्याकडे सरकत आला, तर परकं माणूस. उशीवर डोकं ठेवून एखादी बाई सबंध गावाचा नकाशा कानानं वाचत असते.

या खुणांमध्ये रात्र एवढी का येते, हे समजायला उत्तर युगांडातल्या अचोली लोकांचं उदाहरण पुरेसं आहे. तिथं १९८७च्या सुमारास सुरू झालेलं युद्ध २००६पर्यंत चाललं. एका बाजूला सरकारी सैन्य, दुसऱ्या बाजूला जोसेफ कोनीची ‘लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी’. बंडखोर रात्री गावात शिरायचे आणि मुलं पळवून न्यायचे. मुलग्यांच्या हातात बंदुका, मुलींच्या वाट्याला त्याहून वाईट. अठरा लाखांच्या आसपास माणसं घरदार सोडून छावण्यांत राहायला गेली. आणि गुलू, किटगुम या गावांच्या आसपासच्या खेड्यांमध्ये एक विलक्षण प्रघात पडला. दिवस मावळायला लागला की मुलं चटई-कांबळं डोक्यावर घेऊन शहराच्या वाटेला लागायची. पाच-सहा वर्षांची धाकटी भावंडं मोठ्यांचं बोट धरून. रात्री शहरातल्या ओट्यांवर, बसस्थानकात, चर्चमध्ये, दवाखान्याच्या आवारात दाटीवाटीनं झोपायची आणि उजाडलं की परत घरी. जगानं त्यांना ‘रात्रीचे प्रवासी’ असं नाव दिलं. युद्ध सर्वात भडकलं होतं तेव्हा त्यांची संख्या चाळीस हजारांच्या घरात होती.

म्हणजे चाळीस हजार मुलं रोज संध्याकाळी झोप शोधायला चालत निघायची. या मुलांपैकी एखाद्याला मोठेपणी कुणी विचारलं, की बाबा, शांतता कशाला म्हणतोस, तर तो करारावरच्या सह्यांबद्दल कसा बोलेल? रात्री आपल्याच घरी, आपल्याच चटईवर झोपता येणं, याच्याहून नेमकं उत्तर कुठलं असणार?

हे वाचत असताना माझ्या हाती एक जुना प्रयोग लागला. वरवर त्याचा युद्धाशी काही संबंध नाही. हिरव्या डोक्याच्या रानबदकांचा तो प्रयोग. नील्स रॅटनबोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९मध्ये तो प्रसिद्ध केला. बदकं ओळीनं शेजारी-शेजारी ठेवली आणि ती झोपतात कशी, ते पाहिलं. मधली बदकं दोन्ही डोळे मिटून गाढ झोपली. कडेची मात्र बराच वेळ एक डोळा उघडा ठेवून झोपत होती, आणि तो उघडा डोळा बाहेरच्या बाजूचा. मेंदूचा जो अर्धा भाग त्या डोळ्याशी जोडलेला, तो जागा. उरलेला अर्धा झोपलेला. थोड्या वेळानं कडेचं बदक उलटं फिरायचं आणि डोळाही बदलायचं. म्हणजे बाहेरच्या बाजूला आता दुसरा डोळा आला, तर तो उघडा आणि पहिल्याला विश्रांती. मेंदूच्या दोन्ही भागांना पाळीपाळीनं झोप मिळावी, अशी ती सोय.

मला हे वाचताना माणसंच दिसत होती. आणि माणसाच्या मेंदूतही या गोष्टीचा अंश उरला आहे, हे २०१६मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं. नव्या जागी पहिल्या रात्री झोप लागत नाही, हा आपला सगळ्यांचा अनुभव. लॉजवर, लग्नघरात, नव्या भाड्याच्या खोलीत. त्या पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा भाग उजव्यापेक्षा कमी खोल झोपतो आणि बारीकशा परक्या आवाजाला चटकन दाद देतो. दुसऱ्या मुक्कामापासून हा फरक ओसरतो. डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. झोपेतही मेंदू आवाज चाळत असतो, आणि स्वतःचं नाव ऐकू आलं तर झोपलेला मेंदूसुद्धा त्याला वेगळा प्रतिसाद देतो. आपण झोपतो असं म्हणतो खरं, पण आपल्यातलं कुणीतरी रात्रभर ओसरीवर बसलेलं असतं.

आमचं गाव लातूर जिल्ह्यात. घर दगडमातीचं, वर माळवद. उन्हाळ्यात आत गारवा राहावा म्हणून माळवदावर मातीचा थर, आणि दर दोन-तीन वर्षांनी त्यावर आणखी थर. रात्री माजघरात आमची रांग लागायची. भिंतीकडे काका, मग चुलत भावंडं, मग मी आणि माझा भाऊ, मग आई, काकू, आणि सगळ्यात शेवटी दाराला लागून आजी. तिची ती जागा ठरलेली होती. थंडीत दाराच्या फटीतून वारा यायचा तरी ती तिथंच झोपायची. आम्ही मुलं मध्ये. मला लहानपणी वाटायचं की आजीला कमी झोप लागते, म्हातारपणामुळं. बदकांचा प्रयोग वाचला तेव्हा वयाची चाळिशी ओलांडली होती मी, आणि ती कोणत्या जागेवर झोपत होती ते मला त्या दिवशी कळलं.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बोळवून सगळे उशिरा झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. भूकंपाचं केंद्र किल्लारीजवळ, आमच्यापासून पुष्कळ लांब. आमच्या गावात कुणी दगावलं नाही, आमच्या एका भिंतीला फक्त वीतभर रुंदीची भेग पडली. पण त्या एका पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसं गेली, आणि बहुतेक सगळी झोपेत. भूकंपाची क्षमता ६.२ होती. जगात याहून मोठे भूकंप होऊन गेलेत आणि तिथं इतकी माणसं मेलेली नाहीत. इथं मारलं ते घरांनी. दोन-दोन फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि डोक्यावर वर्षानुवर्षं चढत गेलेलं मातीचं ओझं. ज्या छतानं ऊन अडवलं तेच अंगावर आलं.

त्यानंतर आमच्या घरातलं झोपणं उलटं झालं. आजी अंगणात बाज टाकून झोपायला लागली आणि आम्हाला सगळ्यांना तिनं बाहेर काढलं. तोवर दार लावलं की निर्धास्त वाटायचं. आता दार उघडं असेल तरच वाटायचं. तेच घर, तीच माणसं, तोच अंधार, आणि धोक्यानं मात्र जागा बदललेली. बाहेर होता, तो डोक्यावर आला होता. त्या दिवाळीला आम्ही थंडीत गोधड्या पांघरून उघड्यावर झोपलो. त्या भागात पुढं पन्नासावर गावं नव्या जागी वसवली गेली. दरम्यान कितीतरी कुटुंबांनी पत्र्याच्या खोल्यांत दिवस काढले. उन्हाळ्यात पत्रा तापून आत बसवत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी आमच्या काकांनी अंगणात पत्र्याची शेड उभी केली तेव्हा आजी दोन वर्षांत पहिल्यांदा छताखाली झोपली. पत्रा हलका असतो. पडला तरी माणूस मरत नाही. अशी साधी गोष्ट.

गेलं वर्षभर मी भेटेल त्याला विचारत होते. सुरुवातीला चूक केली आणि ‘शांतता’ हाच शब्द वापरला. लोक घुटमळायचे. कुणी देवळाचं नाव घ्यायचं, कुणी हिमालयाचं. मग लक्षात आलं की आपल्याकडे हा शब्द बहुतेक वेळा हुकूम म्हणून येतो. दवाखान्याच्या भिंतीवर ‘शांतता राखा’. वर्गात बाईंचा हात टेबलावर आपटतो तेव्हा ‘शांतता!’ तेंडुलकरांच्या नाटकाच्या नावातही तो कोर्टाचा पुकाराच आहे. हा शब्द गप्प बसायला सांगतो. आणि गप्प बसायला सांगितलं की माणसं गप्पच बसतात.

शब्द बदलला तेव्हा लोक बोलायला लागले. निवांत कधी वाटतं? निर्धास्त कधी झोपता? या शब्दांच्या पोटात काय काय आहे ते पाहिलं की मला भाषेपुढं हात जोडावेसे वाटतात. ‘निवांत’ आला ‘निवात’वरून, म्हणजे जिथं वारा नाही अशी जागा, जिथं ठेवलेल्या दिव्याची ज्योत हलत नाही. ‘निर्धास्त’मधली ‘धास्ती’ अरबीतल्या ‘दहशत’ची लेक आहे. ‘स्वस्थ’ म्हणजे स्वतःच्या ठिकाणी असलेला. गोव्याचा ‘सुशेगाद’ पोर्तुगीजांच्या ‘सोसेगादु’तून आला आणि असा मुरला की आता तो परका वाटत नाही. आणि खुद्द ‘शांत’? तो ‘शम्’ या धातूवरून. वेदांच्या संस्कृतात त्याच्या अर्थांमध्ये राबणं, दमणं हेही आहे. दमून थांबणं, निवणं हे त्याच ओघात पुढं येतं. तहान शमते, आग शमते, ती याच धातूनं. ‘विश्रांती’तही श्रम लपलेले आहेतच. म्हणजे ज्यांनी हे शब्द घडवले त्यांच्या मनात दिवसभर राबून अंग टाकणारा माणूस होता.

जुन्नरकडच्या एका शेतकऱ्यानं मला दोन शब्दांत उत्तर दिलं: “दिवसाची लाईट.” शेतीपंपाला वीज पाळीनं येते, आणि रात्रीची पाळी असली की मध्यरात्री उठून उसाला दारं धरायला जावं लागतं. तो भाग बिबट्यांचा. उसाच्या फडातच बिबट्यांची पैदास होते. ऊस म्हणजे त्यांना जंगलच. “एका हातात बॅटरी, एका हातात फावडं, आन् पाण्याच्या आवाजात मागनं काय येतंय ते ऐकू येत न्हाई, ताई,” तो म्हणाला. मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावून जातो, बिबट्यानं बिचकावं म्हणून. घरी बायको खाटेवर जागी. मोटर बंद झाल्याचा आवाज आला की समजायचं, काम उरकलं, आता येतील. तो येईपर्यंत ती डोळा मिटत नाही. शेतीच्या फीडरला सौर वीज देऊन दिवसा पाणी धरता यावं, यासाठी राज्यात २०१७पासून योजना आहे. विजेच्या युनिटांचा हिशेब त्या योजनेच्या कागदांवर असेल. दोन माणसांची झोप कोणत्या रकान्यात लिहायची?

इचलकरंजीतल्या एका यंत्रमाग कामगाराचं उत्तर याच्या बरोबर उलट. त्याची खोली मागांच्या शेडला चिकटून आहे. भिंतीला हात लावला तर थरथर जाणवते. मी लावून पाहिला. त्या खडखडाटात त्याची तान्ही मुलगी पाळण्यात झोपली होती. तो म्हणाला, “माग थांबले की ही जागी होते.” माग थांबणं म्हणजे वीज गेली, सूत महागलं किंवा मालकाला ऑर्डर नाही, आणि मागावरच्या माणसाची मजुरी कापडाच्या मीटरवर. सलग चाललेल्या आवाजाकडे मेंदू पाठ फिरवतो आणि बदलाला जागा होतो, हे खरं आहे. पण त्या खोलीत बाळाचा मेंदू आणि बापाचा खिसा एकाच आवाजावर विसावले होते. मुंबईच्या गिरणगावात भोंग्यावर आयुष्य लावलेल्या पिढीला १९८२च्या संपानंतरची निःशब्दता कशी वाटली असेल, याचा अंदाज मला त्या भिंतीला हात लावल्यावर आला.

बीडकडच्या एका ऊसतोड मजूर बाईनं दिलेलं उत्तर मी वहीत लिहून ठेवलं आहे. ती आणि तिचा नवरा मिळून ‘एक कोयता’. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घ्यायची आणि मग चार-पाच महिने फडावर, पाचटाच्या कोपीत. पहाटे तीनला उठणं, दिवसभर तोडणं, मोळ्या बांधणं, आणि गाडी रात्री आली तर रात्री भरणं. मी विचारलं, निर्धास्त झोप कधी लागते? ती म्हणाली, “उचल फिटली आसंल, आन् गावाकडं निघालेल्या टॅक्टरमंदी बसलं, की लागती. सामानावर पडून. खड्डं लागूंद्या न्हाईतर काय बी हूंद्या.” आणि नाही फिटली तर? “मग टॅक्टर त्योच, झोप न्हाई.”

या उत्तरावरून मला एकदम कोकणातले बेने इस्राएली आठवले. अलिबाग, रेवदंडा, नागाव या पट्ट्यात शेकडो वर्षं राहिलेला हा मराठी बोलणारा ज्यू समाज. धंदा तेलाचा. शनिवारी त्यांचा घाणा बंद असायचा, म्हणून आजूबाजूचे लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आठवड्यातल्या एका दिवशी घाण्याची करकर थांबली की गावाला वार कळत असणार. त्यांच्या धर्माज्ञेत त्या दिवसाची विश्रांती मालकापुरती नाही. नोकरालाही आहे आणि बैलालाही. घाण्याला जुंपलेला, डोळ्यांवर झापड बांधून गोल गोल फिरणारा बैल त्या दिवशी मोकळा उभा राहून रवंथ करत असेल. त्यांच्यापैकी पुष्कळ जण १९४८नंतर इस्राएलला गेले. तिथंही त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. एकमेकांना भेटताना ते म्हणतात, शालोम. शांतता. या हिब्रू शब्दाच्या मुळाशी ‘पूर्ण, न भंगलेलं’ असा अर्थ आहे. आणि त्याच मुळापासून हिब्रूत ‘देणं चुकतं करणं, पैसे भागवणं’ हे क्रियापद निघतं. अरबी ‘सलाम’ त्याचाच भाऊ, आणि आपण जे ‘सहीसलामत’ म्हणतो तेही त्याच घरातलं. पाचटाच्या कोपीत राहणाऱ्या बाईला हिब्रूचा गंध नाही. तरी उचल फिटणं आणि निर्धास्त होणं ही तिची एकच गोष्ट आहे, आणि हजारो वर्षांपूर्वी कुठल्याशा वाळवंटातल्या लोकांनी त्या दोन्हींना एकाच मुळावर वाढवलं. मी हे जितक्या वेळा मनाशी म्हणते तितक्या वेळा मला नव्यानं नवल वाटतं.

उत्तरं सगळी अशी गोड असतात असं मात्र नाही. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांच्या मध्ये भिंती आहेत, आणि त्यांचं नावच ‘शांतता-भिंती’. १९६९च्या ऑगस्टमध्ये दंगली पेटल्या, घरं जाळली गेली, तेव्हा सैन्यानं पहिले अडथळे उभारले. थोड्या दिवसांसाठी म्हणून. जळालेल्या गल्ल्यांपैकी एकीचं नाव बॉम्बे स्ट्रीट. ती पुन्हा बांधली, आणि आज तिच्या मागच्या बाजूला उंच भिंत आहे. पलीकडून येणारे दगड-बाटल्या अडाव्यात म्हणून भिंतीलगतच्या घरांच्या परसांवर लोखंडी जाळीचे पिंजरे बसवले आहेत. १९९८च्या एप्रिलमध्ये शांतता करार झाला. त्यानंतर भिंती पडायला हव्या होत्या. उलट त्या वाढल्या. काही भिंतींना दरवाजे आहेत. ते दिवसा उघडतात, रात्री बंद होतात. तिथल्या रहिवाशांमध्ये ‘पाडा’ म्हणणारे आहेत तसे ‘अजून नको’ म्हणणारेही आहेत.

मला आधी याचा राग आला होता. भिंतीला शांतता कसं म्हणवतं? पण मग आजीचं दार आठवलं. ज्या बाईच्या खिडकीतून एकदा पेटती बाटली आत आली आहे, तिला भिंत पाडा असं सांगायला मी कोण? तिच्या पोरांची रांग तिला त्या भिंतीच्या आडोशाला लावायची आहे. तरीही भिंतीच्या पलीकडेही तशीच रांग लागलेली असते आणि तिथल्या दाराजवळही कुणीतरी अर्धं जागं असतं, हे डोक्यातून जात नाही. दोन्हीकडच्या दोघी एकमेकींच्या भीतीनं जाग्या.

अशा दोघींना झोप लागावी म्हणून अचोली लोकांकडे एक विधी आहे: ‘मातो ओपुत’. ओपुत नावाच्या झाडाची मुळी कुटून तिचा रस काढतात. कडूजहर. ज्या कुळातल्या माणसाकडून खून झाला त्या कुळाचा एक आणि ज्यांचा माणूस गेला त्या कुळाचा एक, असे दोघं समोरासमोर गुडघे टेकतात आणि एकाच भोपळ्याच्या भांड्यातून तो रस पितात. त्याआधी बराच काळ जाणत्यांची मध्यस्थी चाललेली असते. गुन्हा कबूल करावा लागतो, भरपाई ठरवून द्यावी लागते. पुन्हा तेच, देणं चुकतं करणं. युद्ध संपल्यावर या विधीकडे लोक आशेनं वळले. त्यानं सगळं मिटलं नाही. छावण्यांतून कितीतरी वर्षांनी परतलेल्यांना आपल्या जमिनीचे बांध सापडेनात आणि भाऊबंदकीची नवी भांडणं उभी राहिली. तरी दोन माणसांनी एक कडू घोट एकाच भांड्यातून घ्यावा, यातलं शहाणपण पाडव्याला कडुनिंब खाऊन वर्ष सुरू करणाऱ्या माणसाला परकं वाटत नाही.

आजी जाऊन आता अकरा वर्षं झाली. ती गेल्यावर काही न ठरवता काकू दाराजवळ झोपायला लागली. या दिवाळीत गावी गेले तर काकूचे गुडघे धरलेले. तिला खाली झोपवत नव्हतं, म्हणून तिची गादी पलंगावर टाकली आणि मी माझी चटई दाराला लावली. घर आता सिमेंटचं आहे. संडास मात्र अजून अंगणाच्या टोकाला.

रात्री वीज गेली. पंखा थांबला तशी मला जाग आली. वेशीकडे एक कुत्रं भुंकलं. दुसरं भुंकेल म्हणून मी वाट पाहिली. भुंकलं नाही. तेवढ्यात रांगेतून माझा भाचा उठला, सहा वर्षांचा, आणि अंधारात माझ्या पायांवरून चाचपडत आला. “आत्या, शूला.” मी कडी काढली. आम्ही दोघं पायरी उतरलो. तो दोन पावलं पुढं, झोपेतच चालल्यासारखा; माझ्याकडे बॅटरी होती, पण लावायची आठवण झाली नाही. काम झाल्यावर तो आभाळाकडे बघत जरा वेळ तिथंच उभा राहिला, मग वळला. घरात शिरून आपल्या जागेवर जाऊन पडला. मी कडी लावून मागं वळेपर्यंत त्याला झोप लागली होती.